पाठ केलेला तक्ता

चष्म्याचे दुकानदार गरज नसताना लोकांच्या गळ्यात चष्मा मारतात का, असा विषय आमच्या साखरखेर्ड्यात निघाला की लोक अजूनही माझ्याकडे बघतात. त्याला कारण आहे. चिखलीच्या एका दुकानदारानं मला जबरदस्तीनं चष्मा विकला, ही गोष्ट गावात मीच पसरवली होती. ती खोटी होती. खरी गोष्ट गावाला मी तोंडानं सांगितली आहे. आता लिहूनही ठेवतो, कारण माझं वय झालं आहे आणि तो दुकानदार ती स्वतःहून कुणाला सांगणार नाही.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत माझा उजवा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. उजव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या लवंडायचा. बायको म्हणाली, "चष्मा लागला असंल तुमाले. चिखलीले जाऊन नंबर काढून या." मी जीपमध्ये बसून चिखलीला गेलो.

दुकान मुख्य रस्त्यावर होतं. पुढं काचेत चष्म्यांच्या फ्रेमा आणि मागच्या बाजूला नंबर काढायची जागा. तिथं भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता, मागून दिवा लावलेला. वरची अक्षरं मोठी, खाली खाली बारीक होत गेलेली. थांबलेल्या गिऱ्हाइकांचा बाक तिथंच, आतल्या माणसाचं सगळं ऐकू येईल असा. दुकानदार चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस.

बाकावर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. आईचा नंबर काढायला आला होता. मला बघून उठला, पाया पडला आणि आईला म्हणाला, "आई, हेच ते गुरुजी. कॉपी पकडावी तर यायनंच. दोघायचं गणित एकाच ठिकानी चुकलं की गुरुजी दोघायचेही कान धरत."

आई हसली आणि आत गेली. तिनं तक्ता वाचायला सुरुवात केली. मी बाकावर बसून ऐकत होतो. तिच्यामागून माझे ओठ हलत होते. मुद्दाम केलं का? अर्धं सवयीनं, अर्धं भीतीनं. चाळीस पोरांची हजेरी मी वही न उघडता घेत असे. वीसेक अक्षरं डोक्यात बसायला कितीसा वेळ लागतो?

मग माझी पाळी आली. डाव्या डोळ्यानं बरंचसं वाचलं. नंतर त्यानं डावा डोळा झाकला आणि म्हणाला, "आता याच्यानं वाचा गुरुजी." समोर धुकं होतं. तक्ता कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते, तेही कळत नव्हतं. मागं बाकावर माझा विद्यार्थी आणि त्याची आई. "मला दिसत नाही" एवढे तीन शब्द म्हणायचे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. मी पाठ केलेली अक्षरं म्हणून टाकली.

त्यानं भिंग बदललं. "आता?" मी पुन्हा म्हटली. त्यानं आणखी एक भिंग घातलं. "अन् आता?" मी पुन्हा त्याच चालीत म्हटली. त्यानं भिंग काढून पेटीत ठेवलं.

"गुरुजी, चष्मा आज नका बनवू," तो म्हणाला. "पहिले बुलढान्याले डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा."

"काऊन? सगळं तर वाचलं मी."

"हाव, वाचलं. म्हनूनच सांगून राह्यलो."

मला राग आला. मी बाकावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "तुमचं अन् त्या डॉक्टरचं काही ठरलेलं दिसते." त्याचं तोंड उतरलं. मी म्हणालो, चष्म्यासाठी आलो आहे, चष्मा घेऊनच जाणार. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा मी टेबलावर हात आपटला, तेव्हा त्यानं डाव्या डोळ्याचा नंबर धरून साधा चष्मा बनवून दिला आणि डबीत एक चिठ्ठी घडी करून ठेवली. "घरी गेल्यावर वाचजा," म्हणाला. मी ती वाचली नाही.

थोडक्यात, त्या दुकानात जबरदस्ती झाली ती खरीच. फक्त ती गिऱ्हाइकानं दुकानदारावर केली.

त्या चष्म्यानं उजव्या बाजूला काहीच फरक पडला नाही. पडणार तरी कसा? एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेताना कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, नवा चष्मा! साहेब दिसून राह्यले." आणि दुसऱ्यानं विचारलं, "मंग आता साफ दिसते का?"

दिसत नाही म्हणालो असतो तर का, हा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "कशाचं दिसते! गळ्यात मारला त्यानं. मी नको नको म्हनून राह्यलो होतो."

एवढंच. पण आमच्या गावात त्या काळी कुणाला पंप घ्यायचा असो की पोराला कॉलेजात घालायचं असो, आधी गुरुजींना विचारायची रीत होती. माझा शब्द हॉटेलातून निघाला की संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचा. प्रत्येकानं त्याला आपली शेपटी जोडली. कुणाच्या मेव्हण्याला दुसऱ्या शहरात महागडी फ्रेम घ्यायला लावली होती, कुणाला साध्या काचेवर कसला तरी लेप लावून दिला होता. तसे दुकानदार असतीलही. नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्या सगळ्यांचं पाप आमच्या लोकांनी एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवलं, आणि ते ठेवायला हात माझा होता.

त्याचा फटका कुठं बसला ते सांगतो. हा दुकानदार दर आठवडी बाजारात आमच्या गावी यायचा. बाजाराच्या कडेला निंबाखाली टेबल टाकायचा, झाडाला तक्ता टांगायचा. ज्या म्हाताऱ्यांना चिखलीची जीप झेपत नाही, त्या तिथंच नंबर काढून घ्यायच्या. माझी गोष्ट पसरल्यावर टेबलाभोवतीची गर्दी आटली. उलट पोरं जाता जाता हाका मारायची, "काय हो चष्मेवाले, आज कोनाच्या गळ्यात मारता?"

दीडेक वर्षानं अशाच एका बाजारात मी बायकोबरोबर भाजी घ्यायला गेलो होतो. उजवीकडे एका बाईनं टमाट्यांचा ढीग मांडला होता. मला तो दिसलाच नाही. मी सरळ त्यात पाय दिला. बाई ओरडली, "ओ बाबा, डोळे घरी ठेवून आले का!" लोक हसले. मी पडता पडता वाचलो, कारण कुणीतरी माझा दंड धरला होता. तो चष्मेवाला होता. टेबल सोडून तो धावत आला होता.

त्यानं मला आपल्या स्टुलावर बसवलं. "गुरुजी, बुलढान्याले गेलते का?"

"नाही."

त्यानं आपला तळवा माझ्या डाव्या डोळ्यावर ठेवला आणि दुसरा हात समोर धरला. "किती बोटं हायेत?"

बोटं काही पाठ करता येत नाहीत. माझी बायको हबकली. "अहो, सांगा ना! दोन हायेत ना!" ती म्हणाली. त्यानं तिला माझ्या खिशातल्या चष्म्याच्या डबीतली चिठ्ठी काढायला लावली. तिनं ती घडी तिथं पहिल्यांदा उघडली. 'आधी डोळ्याचा दाब तपासून घ्या', एवढंच त्यावर लिहिलं होतं.

"काकू, उद्याच जा," तो म्हणाला. मी त्याच्याबद्दल गावात काय बोलत होतो ते त्याला ठाऊक होतं. त्यानं त्याचा एक शब्द काढला नाही. त्या दिवसानंतर त्याचं टेबल आमच्या बाजारात लागलं नाही. गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजव्या डोळ्याची नस जवळजवळ सुकली होती, ती परत येणार नव्हती. डाव्यातही सुरुवात झाली होती. "हा थेंबांवर टिकेल. आणखी वर्षभर उशीर केला असता तर सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला पाठवलं कुणी?"

बायको म्हणाली, "चिखलीच्या चष्मेवाल्यानं."

"त्याचे उपकार माना," डॉक्टर म्हणाले.

मी मनातल्या मनात मानले. गावात मात्र डॉक्टरांचं कौतुक केलं. बायको विचारायची, "ज्या मानसानं तुमचा डोळा वाचवला, त्याले लोक लबाड म्हनून राह्यले. तुमी काऊन बोलत नाही?" मी म्हणायचो, बोलतो. अशी तीन वर्षं गेली. खरं बोलायचं तर तक्त्याचंही बोलावं लागलं असतं, आणि जन्मभर कॉप्या पकडलेल्या माणसाला ते जड जात होतं.

मग एक दिवस शेजारची म्हातारी सुई आणि दोरा घेऊन माझ्याकडे आली. तिच्या नाकावर तिच्या वारलेल्या नवऱ्याचा चष्मा होता, एका बाजूनं दोरीनं बांधलेला. "गुरुजी, एवढा दोरा ओवून द्या. या चष्म्यानं नाकही दिसत नाही." दोरा ओवण्यासाठी ती एका डोळ्याच्या माणसाकडे आली होती. मी चौथ्या खेपेला ओवला. ती म्हणाली, "तो चष्मेवाला येत जाये बाजारात. बरं झालं बंद झाला, लबाड होता मेला. तुमीच तर सांगतलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या जीपनं मी चिखलीला गेलो.

दुकानात तो एकटाच होता. मी बाकावर बसलो आणि सगळं सांगितलं. तक्ता पाठ केल्याचं, हॉटेलात बोललो ते, त्याचं टेबल कुणामुळं उठलं ते. त्यानं कापडानं एक फ्रेम पुसत पुसत ऐकून घेतलं.

"पाठ केल्याचं मले तवाच समजलं होतं गुरुजी," तो म्हणाला.

"कसं?"

"तुमच्या आधी ती माय वाचत होती ना, तिची चौथी ओळ सुटली. तिसरीवरून सरळ पाचवीवर गेली. या उजव्या डोळ्यानं तुमीही चौथी सोडली. तीनही वेळा."

दोघांची चूक एकाच ठिकाणी. माझीच युक्ती, आणि तिनंच मी पकडला गेलो होतो.

"मंग बोलले काऊन नाही?"

"बाकावर तुमचा विद्यार्थी बसून होता," तो म्हणाला. फ्रेम काचेत ठेवली आणि चहा सांगायला उठला.

त्या माणसानं माझी लाज राखली आणि त्याची किंमत स्वतःचं नाव घालवून दिली. मी त्याला म्हणालो, आता बाजारात टेबल टाका. तो म्हणाला, "लोकायले पटलं पाहिजे ना गुरुजी." ते पटवणं माझं काम होतं.

बाजाराच्या आदल्या सकाळी मी त्याच हॉटेलात उभं राहून सगळं सांगितलं, चौथ्या ओळीसकट. मग माझ्याच हाताखालून गेलेला एक जण, आता नातवंडं असलेला, म्हणाला, "गुरुजी, तुमाले तर कोंबडा करा लागते!"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पहिल्या बाजारात टेबलाशी आम्ही तिघंच होतो: तो, मी आणि शेजारची म्हातारी. तिला मी हाताला धरून नेलं होतं. तिचा नंबर निघाला आणि पुढच्या बाजारात चष्मा आला. त्या दिवशी ती दोरा ओवायला माझ्याकडे आली नाही, दारातून नुसती ओवलेली सुई उंच करून दाखवून गेली. त्यानंतर हळूहळू बाकीचे आले.

आता दर बाजाराला मी त्या निंबाखाली जातो. डाव्या डोळ्यात थेंब घालून, काठी टेकत. थांबलेल्या लोकांसाठी एक बाक मी शाळेतून मागून आणला आहे आणि तो तक्त्यापासून लांब, भाजीवाल्यांकडे तोंड करून लावला आहे. कुणी मान वळवून तक्ता वाचणाऱ्याचं ऐकायला लागलं की मी काठीनं जमिनीवर ठोकतो. आणि कुणी तक्त्यासमोर बसलं की मागून एकच सांगतो, "नाही दिसत तर नाही दिसत म्हना. त्याच्यासाठीच तो बसला हाये."