रॅम्प हवा, आमची जुनी झाली

माझ्या आईला काहीही झालेलं नाही, हे मी आमच्या सोसायटीत अजून एकालाही पटवून देऊ शकलेलो नाही.

आई बहात्तर वर्षांची. डोंबिवली पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. आई दिवसातून दोनदा खाली-वर करते आणि वर आल्यावर पाणीसुद्धा मागत नाही. (मी मागतो. चप्पल काढायच्या आधी.) बाबांच्या आजारपणात सहा वर्षं ती कुठे म्हणून गेली नव्हती. बाबा गेले, वर्ष सरलं आणि महिला मंडळाची सहल ठरली. डोंगरावरची देवी, चारशे पायऱ्या. आईनं सगळ्यांत आधी नाव दिलं. मग ती रोज संध्याकाळी गच्चीपर्यंत दोन जास्तीच्या फेऱ्या मारायला लागली. साडीवर घालायला पांढरे बूट आणले. इतक्या हौसेनं काही करताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

नेमक्या त्याच दिवसांत माझ्या अंगात मेकॅनिक शिरला. आमच्या गाडीच्या खालून खडखड आवाज यायचा. शीळ रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं वाकून बघितलं आणि सायलेन्सरवरचा पत्रा सुटलाय, सोडून जा, परवा बघतो, असं सांगितलं. त्याचा परवा मला माहीत होता. शिवाय मी मोबाइलवर एका माणसाला हेच काम सात मिनिटांत करताना पाहिलेलं. त्याला जमतं तर मला का नाही? (याचं उत्तर स्मिताकडे तयार होतं. स्मिता म्हणजे माझी बायको. मी तिला विचारलंच नाही.)

गाडीखाली शिरायचं तर गाडी वर चढवायला हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपू नये एवढी अक्कल मला होती. मग उरले रॅम्प, म्हणजे पुढच्या दोन चाकांखाली ठेवायचे दोन उतार. मी कल्याणला बाजारात जाऊन आलो. लोखंडी रॅम्प भक्कम, पण तिसऱ्या मजल्यावरून रोज कोण उतरवणार? प्लास्टिकचे हलके, पण वजन घेतील का? आखूड घेतले तर गाडीचं नाक आधी आपटणार, लांब घेतले तर पलंगाखाली मावणार नाहीत. आठ दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. जेवताना मी पोळीसुद्धा तिरकी धरून बघायचो.

शेवटी दुपारी ऑफिसातून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "नमस्कार. रॅम्पबद्दल सल्ला हवाय. आमची आता जुनी झाली. चढाला दम खाते. खालून खडखड आवाज येतो. दर वेळी बाहेर दाखवायला नेणं जमत नाही, म्हणून घरच्या घरीच बघायचं ठरवलंय. वजन बरंच आहे, पुढून जास्त. लोखंडी घ्यावा की प्लास्टिकचा?"

यात 'गाडी' हा शब्द नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मराठीत गाडी स्त्रीलिंगी आहे. आईसुद्धा.

पाच मिनिटांत हात जोडलेले पंधरा-वीस इमोजी आले. मला भरून आलं. एकानं लिहिलं, लोखंडी नको, पावसात घसरतो. दुसऱ्यानं कळवलं, कसलाही घ्या पण खाली रबर लावा, फरशीवर सरकतो. चाकं नीट बसतील एवढी रुंदी बघा, असं चौथ्या मजल्यावरून आलं. मी प्रत्येकाचे आभार मानले. मग सेक्रेटरी भोईरकाकांचा फोन आला. भोईरकाका इथलेच, जुने. ही बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या वडलांच्या भातशेतावर. माणूस लाखातला.

"नीलेश, वाचलं रे. कधीपासून त्रास आहे?"

मी सांगितलं की दोन वर्षं झाली, पण हल्ली जास्तच. सकाळी लवकर सुरूच होत नाही.

"बाहेर कुठे ठेवायचा विचार नाही ना केलास?"

"छे हो. बाहेरचे लोक नीट बघत नाहीत. आपण स्वतः हात घातलेला बरा."

काका घसा खाकरून म्हणाले, "आजकाल असा मुलगा मिळत नाही. रॅम्पचं सोसायटी बघेल, तू टेन्शन घेऊ नको." गाडीवर एवढी माया असलेला माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो!

दोन दिवसांनी आई कुरकुरायला लागली. लोक तिच्या हातातली भाजीची पिशवी ओढून घेतात म्हणाली. तळमजल्यावरच्या बाई तिचा दंड धरून तिला घरापर्यंत सोडायला आल्या आणि स्वतःच धापा टाकत सोफ्यावर बसल्या. त्यांना लिंबू सरबत आईनंच करून दिलं. मग जिन्यात प्रत्येक मजल्यावर एकेक प्लास्टिकची खुर्ची आली. मला वाटलं, कुणाकडे तरी कार्यक्रम असेल. रविवारी सकाळी खाली गवंडी आला आणि दाराच्या तीन पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर सिमेंटचा उतार घालायला लागला. तेव्हा मात्र मी चक्रावलो. त्या उतारावरून गाडी चढवली तर ती थेट मीटरच्या खोलीत जाईल, हे मी काकांना सांगायला निघालो, एवढ्यात महिला मंडळाच्या सुलभाताई भेटल्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं की सहलीतून आईचं नाव त्यांनी काढलंय, जागा दुसऱ्या बाईंना दिली, आईंना मात्र तूच समजावून सांग, आमच्या तोंडून बरं नाही दिसत.

जिन्यातच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी दोन दोन पायऱ्या चढत घरी पोचलो, तर आई स्मिताचा मोबाइल लांब धरून वाचत बसलेली.

"चढाला दम खाते, हे कोणाबद्दल आहे?"

"गाडीबद्दल गं."

"पुढून जास्त?"

"इंजिन पुढे असतं ना."

"मग गाडी लिहायचं होतंस. दोन अक्षरं आहेत." एवढंच बोलून तिनं मोबाइल स्मिताला दिला. सहलीचं मी सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि कोथिंबीर निवडायला बसली. मला लाज वाटली. इतकी की मी शेजारी बसून देठं तोडायला लागलो, तर मी पानंच टाकतोय म्हणून तिनं मला उठवलं.

मी ग्रुपवर खुलासा टाकला. आई ठणठणीत आहे, ते सगळं गाडीबद्दल होतं. यावर पुन्हा वीस जोडलेले हात आले. भोईरकाकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "समजतं रे. आईंना आवडलं नसेल ना लिहिलेलं? आम्ही नाही काही बोलणार." सुलभाताईंची बस भरली होती. गच्च.

मग मी आईला शब्द दिला की मंडळाची बस निघेल त्याच दिवशी, त्याच देवीला, मी तुला गाडीनं घेऊन जातो. आई हो म्हणाली नाही, पण कपाटातून पांढरे बूट काढून दारात ठेवले. मला तेवढं पुरे होतं. आणि एवढ्या लांब आईला न्यायचं तर गाडी खडखडत कशी न्यायची? आदल्या दिवशी सकाळीच मी कल्याणहून रॅम्प घेऊन आलो. प्लास्टिकचे, हलके. खाली रबर लावा असं ग्रुपवर एकानं सांगितलं होतं, पण तो सल्ला आईसाठी होता, म्हणून मी घेतला नाही.

पार्किंगमध्ये गुळगुळीत फरशी. स्मिता समोर उभी राहून हातानं खुणा करत होती. मी हळूच गाडी चढवली. उजवं चाक झकास वर गेलं. डावा रॅम्प मात्र चाकाखालून निसटला आणि गरगरत थेट भोईरकाकांच्या स्कूटरला जाऊन लागला. गाडी एका खांद्यावर कलली आणि उजव्या रॅम्पच्या कडेवर पोट टेकून बसली. खालून काळं तेल यायला लागलं. नशीब, मी अजून खाली शिरलो नव्हतो. स्मिता वर जाऊन जुनं फडकं घेऊन आली. गॅरेजवाला आला, वाकला आणि म्हणाला, "साहेब, पत्रा सुटलेला. आता तेलाचा चेंबर फुटलाय. सोडून जा, परवा बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाची बस गेली. दुसरी गाडी करतो, म्हणून मी आईच्या मागे लागलो. ती म्हणाली, नको, आता मनच उतरलं. ते बूट तिनं पुन्हा खोक्यात घालून ठेवले. मी गॅलरीत उभा राहून खालचं ते तेल बघत होतो. मला फार फार वाईट वाटलं. आजही वाटतं. सात वर्षांनी बाई एकदा घराबाहेर पडायला निघाली होती.

संध्याकाळी आम्ही दोघं भाजी घेऊन येत होतो. दुसऱ्या मजल्यावर आई थांबली आणि तिथल्या खुर्चीत बसली.

"आई, दम लागला?"

"नाही रे. सगळे एवढं म्हणतायत, म्हटलं बसून तरी बघावं." मग जरा वेळानं म्हणाली, "माणूस असंच म्हातारं होतं वाटतं. लोकांनी सांगितल्यावर."

मी तिला उठवायला हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला, माझ्या हातातल्या दोन्ही पिशव्या घेतल्या आणि चालायला लागली. वरून आवाज आला, "ये सावकाश."

खुर्ची रिकामीच होती. मी बसलो.