चालवणारीचं वजन

गाडीच्या नव्या सस्पेन्शनची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांची, उंची लावताना चालवणाऱ्याच्या जागी कुणाला तरी बसावं लागतं. रिकाम्या गाडीवर लावलेली उंची रस्त्यावर चुकते. मी पार्किंगमध्ये पाना घेऊन चाकाशी बसले होते, म्हणून आईला स्टीअरिंगपुढे बसवलं. आमचं दोघींचं वजन सारखंच.

वरच्या मजल्यावरचे काका थबकले. "कंपनीने दिली तशीच ठेवावी गं गाडी. बायकांना कशाला हे उद्योग?"

कंपनीने त्या सीटवर कोण बसेल असं धरलं होतं, कोण जाणे. मला तर नक्कीच नाही. आणि आईला आम्ही घरच्यांनीही धरलं नव्हतं. ती जन्मभर बाजूच्या सीटवर.

काकांकडे न बघता मी चाकावरची फट मोजली. गाडी हवी तशी, बोटभर खाली बसली होती.

"झालं आई, उतर."

आईने स्टीअरिंग घट्ट धरलं. "माझ्या वजनावर लावलीस ना? मग किल्ली दे."