दोन भोपळे आणि लॉरीची ट्यूब

माहेर वाईचं असलं की माणसाला एक आजार जडतो. कृष्णा आपल्याच परसातून निघाली आणि खालच्या गावांना आपण ती वापरायला दिली, असं वाटत राहतं. मला हा आजार लहानपणापासून होता, आणि लग्न होऊन आष्ट्याच्या बाजूला नदीकाठच्या गावात आले तेव्हा तो फारच बळावला. नव्या नवरीनं मान खाली घालून बसायचं सोडून मी हळदीच्या अंगानं, बघायला आलेल्या बायकांना सांगितलं, की आमच्याकडं घाटावरून नदी पार करून परत यायचे मी, धापसुद्धा लागायची नाही. दोन गोष्टी तेवढ्या गाळल्या. एक, वाईला उन्हाळ्यात नदीच्या मधोमध उभं राहून लुगडं धुता येतं. दुसरी, पार करताना माझ्या पाठीला कायम सांगड बांधलेली असे. सांगड म्हणजे वाळवलेले दोन भोपळे, दोरीनं एकमेकांना जोडलेले. माझ्या आईनं वेलावरच निवडून ठेवलेले, जाड सालीचे. ते मी सासरीही घेऊन आले होते. लोक तांब्याची घागर आणतात, मी भोपळे आणले.

आणल्यावर ते माळ्यावर गेले आणि मी चुलीपुढं. मग उसाची लागण, मग पोरं, मग भांगलण. नदीला रोज जात होते, पण घागर भरण्यापुरती. पाणी घोट्याच्या वर आलं नाही. गावात मात्र माझी कीर्ती तशीच राहिली. कुणाचं पोर पाण्यात धडपडलं की लोक म्हणत, वाईच्या सूनबाईला हाक मारा. सुदैवानं मी पोचायच्या आत पोर कुणीतरी काढलेलं असे.

ही गोष्ट आहे मोठ्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी आलेल्या उन्हाळ्याची. माझी थोरली लेक चौथी पास झाली. गावातली शाळा चौथीवर संपत होती, पाचवीची शाळा नदीपलीकडे. जायला नाव. मागल्या पावसात हीच नाव भोवऱ्यात सापडून गरागरा फिरली होती. कुणाला काही झालं नाही, पण आमच्या ह्यांच्या मनात ते बसलं. हे फौजेत ट्रक चालवायचे. वैशाखात सुट्टीवर आले आणि जेवताना सरळ सांगून टाकलं, की पोरीला पोहता आलं तर शाळा, नाहीतर घरी बसेल. सुट्टी संपून ते परत जायच्या आत तिनं त्यांना या काठाजवळ पोहून दाखवायचं. तसं ते स्वतः शिकवायला तयार होते. त्यांना पोहता येत होतं. मीच नाक उडवलं. म्हटलं, तुमचं पोहणं म्हणजे म्हैस डुंबल्यासारखं, पोरीला मी शिकवणार, मी वाईची आहे.

लेक इतकी खूश झाली की त्या रात्री पाटी-दप्तर उशाला घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच नदीवर गेले. म्हटलं आधी आपण हात-पाय मोकळे करून घ्यावेत. काष्टा घट्ट मारला, आत शिरले. कमरेपर्यंत ठीक. छातीला पाणी लागलं आणि श्वास असा अडकला की वरही येईना, खालीही जाईना. तळाची वाळू सोडायला पाय तयार नव्हते. मी त्यांना मनात हुकूम सोडत होते आणि ते माझं ऐकत नव्हते. पाण्याची भीती वाटत होती मला. वाईच्या मला. काठावर येऊन बसले, केस कोरडे राहिलेत हे ध्यानात आलं, तर ओंजळीनं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि घरी गेले. इतकी मी हुशार.

घरी सगळ्यांना सांगितलं, की पोहणं काय, आत्ता सुरू करते, पण साधनं धड नाहीत.

त्या दिवसापासून आमच्या घरात साधनांची चर्चा सुरू झाली. आधी माळ्यावरून भोपळे काढले. दोरी उंदरांनी खाल्लेली, साली काळपटलेल्या, हलवलं की आत बिया खुळखुळत. मी बोटानं टकटक करून, कान लावून, वैद्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले, तडकलेत. लेकीनं ते उचलले, गोठ्यातल्या पाण्याच्या दगडी डोणीत दाबून धरले. एक बुडबुडा आला नाही. हात सोडला तर दोन्ही टुणकन वर. ती माझ्याकडं बघत राहिली. मग मी म्हटलं, तडकले नसतील, पण जुने झालेत, आणि दोन लेकरं झाल्यावर माझा भार त्यांना पेलायचा नाही.

मग पत्र्याच्या डब्याचा विचार झाला. तेलाचा रिकामा डबा, तोंड डाग देऊन बंद केलेला, तो पाठीला बांधून आमच्या गावचे गडी पोहत. त्याच्या कडा पाठीला लागतात, म्हणून तो मी नापास केला. मग सुती लुगडं भिजून जड होतं, नायलॉनचं असतं तर गोष्ट वेगळी. मग पाणी फार गार. हे सगळं ऐकत सासूबाई भाकरी थापत बसलेल्या असायच्या. त्या पूर्वेकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. पाऊस न पडणारा मुलूख. नदी म्हणून त्यांनी पहिल्यांदा बघितली ती लग्नाच्या दिवशी, आणि अजूनही गुडघ्याच्या पुढं पाण्यात गेल्या नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "कातरायच्या आदी आमी मेंढरं तळ्यात ढकलायचो. कुनाच्या पाटीला डबा बांदला न्हाई."

"आत्याबाई, मी काय मेंढरू हाय का?" मी फणकारले.

"न्हाई गं. मेंढरू आत तरी जातंय."

दिवस असेच चालले होते. लेक रोज सकाळी विचारायची, आज का? मी म्हणायची, अगं, सामान तर येऊ दे. ती निमूट भोपळे घेऊन परसात जाई. गोठ्यातलं जुनं दावं तिनं भोपळ्यांना बांधलं होतं, आणि सांगड पाठीला लावून खाटेवर पालथी पडून ती हात-पाय हलवत राही. मी खिडकीतून बघायची आणि भांडी जरा मोठ्यानं आपटायची.

शेवटी ह्यांनाच माझी दया आली. आष्ट्याला ओळखीच्या पंक्चरवाल्याकडून त्यांनी लॉरीची जुनी ट्यूब मिळवली. तिथंच हवा भरून घेतली, कारण गावात सायकलच्या पंपाशिवाय काही नव्हतं. फुगलेली ट्यूब घेऊन आम्ही दोघं एस्टीत चढायला लागलो, तर कंडक्टरनं दारातच अडवलं. मग ती टपावर बांधली आणि मी आतमध्ये राणीसारखी बसले. गावात उतरल्यावर ती खांद्याला अडकवून, मुद्दाम पारावरून, लांबच्या रस्त्यानं घरी गेले. अशी वस्तू गावात कुणाकडे नव्हती. भेटेल त्याला सांगितलं, उद्या या घाटावर. भीती कुठं गेली म्हणाल, तर तीही त्या ट्यूबमध्ये हवेसोबत भरून टाकली होती मी.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना निम्मं गाव घाटावर. लेक पाठीला सांगड बांधून तयार. मी म्हटलं, तू थांब, आधी बघ कसं करायचं. आणि ट्यूब काखेत घालून उतरले. खरं सांगते, पहिला क्षण फार सुखाचा होता. पाय सुटले, बुडाले नाही. बायका वा म्हणाल्या. मी हसून काठाकडं बघितलं आणि तेवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटला.

ट्यूब म्हणजे काय चीज आहे हे मला तेव्हा कळलं. ती पाण्यावर बसत नाही, पाण्यावर फिरायला निघते. वाऱ्यानं ती मला घेऊन सरळ मधल्या धारेकडं निघाली. हात मारावेत तर काखा रबरानं अशा वर उचललेल्या की बोटं तेवढी पाण्याला लागत होती. हवा भरायची नळी बरगडीत रुतत होती. घाट लहान होत चालला. हे काठावरून ओरडत होते, ट्यूब सोड, हात मार, खोल न्हाई. सोडते कसली. मी तिला अशी मिठी मारली होती की तशी त्यांनाही कधी मारली नव्हती.

त्याच वेळी पलीकडून नाव येत होती, बाजार करून परतणाऱ्या माणसांनी भरलेली. नावाड्यानं बांबू पुढं केला. "वाईच्या बाई, हिकडं कुटं निगाला?" असं त्यानं अगदी साळसूदपणे विचारलं. बांबू धरायला एक हात सोडावा लागणार होता, तोही मला सोडवेना. शेवटी दोघांनी मला ट्यूबसकट वर ओढलं. नावेत मी गव्हाच्या पोत्यांवर ट्यूब घालूनच बसले. ती काढायला मी तयारच नव्हते. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. काठाला लागल्यावर मी रडत होते, आणि लेक घोटाभर पाण्यात, पाठीवर सांगड घेऊन, उभी होती. कोरडी.

ह्यांची सुट्टी दुसऱ्या दिवशी संपत होती.

त्या संध्याकाळी ट्रंक भरता भरता ते म्हणाले, बोललो ते बोललो, पोरगी पोहली न्हाई, शाळा राहू दे.  लेकीनं उशाचं दप्तर उचलून खुंटीला लावलं आणि चुलीपुढं माझ्याजवळ येऊन बसली, पीठ मळायला. ती तशी बसली ते मला सोसलं नाही.

मी म्हणाले, "आवं, पोरीला कुनी शिकवलंच न्हाई. ती रोज विचारत हुती."

"मग तू काय करत हुतीस?"

"मला पाण्याचं भ्या वाटतंय. पयल्या दिवसापासनं. भोपळ्याला काय बी झालं न्हाई."

ते हातातला सदरा तसाच धरून उभे राहिले. मला वाटलं आता चिडतील. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "भ्या मला बी वाटतंय. पर मी कवा वाईची हाय म्हनून सांगितलं न्हाई."

मग हे हसले. इतके हसले की खाली बसले. हसणं संपल्यावर त्यांनी निकाल दिला. शाळा चालू. पण दिवाळीनंतर पाणी निवळून पोरगी पोहायला शिकेपर्यंत तिनं नावेत सांगड बांधूनच बसायचं, आणि रोज आईनं सोबत जायचं. आईनं ट्यूब घालून.

मला वाटलं गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते, आणि सासूबाई तर मुळीच नाही. पावसाळाभर, नाव चालू असेल त्या दिवशी, त्या स्वतः दारात उभ्या राहून दोघींच्या गाठी तपासायच्या. लेकीच्या पाठीला भोपळे, माझ्या काखेत लॉरीची ट्यूब, वर घोंगडीची खोळ. नावेत ट्यूबमुळं दोन माणसांची जागा जायची, त्यावरून रोज कुरकुर. ज्या बायकांना मी हळदीच्या अंगानं नदी पार करायच्या गप्पा सांगितल्या होत्या, त्या समोरच्या फळीवर बसून माझ्याकडं न बघण्याचा प्रयत्न करायच्या.

एके दिवशी पलीकडच्या गावची एक म्हातारी नावेत होती. तिला हे सगळं नवीन. तिनं माझ्या लेकीला विचारलं, "बाळ, एवढी गं कशाला भितीस? भोपळे कशाला बांदलेस?"

मी नदीकडं तोंड फिरवलं. म्हटलं आता पोरगी सगळं सांगणार, आणि सांगावंच तिनं.

लेक म्हणाली, "मी न्हाई भीत. आई एकटी बांदून बसली तर तिला लाज वाटंल म्हनून."