शेवाळातला निळा

गोंदियाकडच्या गोरेगावजवळ आमच्या युनिटमध्ये आम्ही टाक्यांत शेवाळ वाढवतो आणि त्यातून मिठाईचा, साबणाचा रंग काढतो. रंग निघतो चमचाभर. किस्से मात्र बादलीनं.

शेजारचे कापगते आजोबा पहिल्यांदा बघायला आले. त्यांच्या घराण्यानं गावोगावी तलाव बांधलेले. हिरव्यागार टाक्यांभोवती चक्कर मारून त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आमी जनमभर तलावातलं शेवाळ काढत आलो. तुमी पगार देऊन वाढवून राहिले. काऊन बाप्पा?"

*

गोंदियाचे एक मिठाईवाले शेठजी आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. ते गेले असते तर युनिटला कुलूपच. जन्माष्टमीच्या आधी त्यांनी निळा रंग नेला आणि दुसऱ्याच दिवशी राखाडी बर्फीचा ट्रे घेऊन दारात उभे.

"मॅडम, आपका नीला तो कढाई में शहीद हो गया."

आमच्या मालकीण वर्षाताईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी शांतपणे सांगितलं की हा रंग उकळीत टिकत नाही, खवा निवल्यावर घालायचा. तसं केलं, बर्फी मस्त निळी झाली. तरी लोक बघायचे आणि पेढे मागायचे. शेवटी शेठजींनी पाटी लावली, 'कन्हैया बर्फी'. दुपारपर्यंत ट्रे साफ.

*

मग ताईंनी लाल रंगासाठी दुसरं शेवाळ बरण्यांत लावलं. तेही हिरवंच. टाक्या सांभाळणाऱ्या टेंभरेनं विचारलं, हे लाल कधी होणार? ताई म्हणाल्या, त्याचं खाणं तोडायचं, कडक उन्हात ठेवायचं, की होतं.

टेंभरे बरणीकडे बघत राहिला. "उपाशीपोटी उन्हात ठेवलं तर कोणीबी लाल होईल ना, ताई."

*

याच टेंभरेचं लग्न जमत नव्हतं. शेवाळाच्या कामावर आहे म्हटलं की स्थळ परत. आमगावला मुलगी बघायला निघालो, वडीलमाणूस म्हणून मी सोबत. निघता निघता त्यानं सवयीनं ताज्या निळ्या रंगाची भुकटी जिभेवर ठेवून पाहिली. आमगावात मोटरसायकलच्या आरशात बघतो तर जीभ, दात, सगळं निळं. चुळा भरल्या, उपयोग नाही.

आत गेल्यावर तो प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवत होता. मुलीच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, मुलगा मुका आहे काय?

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली आणि तिनंच त्याला नाव विचारलं. इलाज नव्हता. टेंभरेनं तोंड उघडलं.

मुलीनं नीट निरखून पाहिलं आणि वडिलांकडे वळली.

"बाबा, तंबाखूचा खर्रा चघळून लाल झालेली तोंडं लय येऊन गेली. निळं पहिल्यांदाच आलं. पाहुण्यायले जेवायले थांबवा."