हिरव्या मिशांचे मामाजी

लग्नाला चार वर्षं झाली, तरी माझे सासरे, म्हणजे मामाजी, माझ्याशी दोनच वाक्यं बोलत: "कवा आले?" आणि "जेवून जाजा."

मामाजी अकोल्याला कृषी सहायक होते. निवृत्तीला आले तेव्हा त्यांनी सगळ्यांना बजावलं, "यंदा लोकायच्या शेतात काईच पिकलं नाई. हार-फेटे मले चालनार नाईत!"

मला संधी दिसली! घरच्या बाराही जणांना हिरवे टी-शर्ट, छातीवर मामाजींचा हसरा फोटो! (ते हसल्याचा तो एकमेव पुरावा होता.) मामाजी खूश होणार, माझ्याशी बोलणार! प्रिंटर घरचाच. इस्त्रीनं फोटो उमटवायचा कागद आणायला मी अमरावतीत राजापेठेत धावलो.

"भाऊ, शर्ट पांढरा हाय का रंगीत?" दुकानदारानं विचारलं.

"तुमी कागद दाखवा, शर्टाचं मी पाहून घेतो!"

त्यानं दोन पाकिटं ठेवली. रंगीत कपड्याचा कागद जाडजूड. मी लुगडं पारखावं तसा बोटांत चोळला. "हा कावून असा? जुना माल दिसून राहिला." आणि पातळ, गुळगुळीत कागद घेऊन ऐटीत निघालो.

कार्यक्रमाच्या सकाळी सासरी इस्त्री तापली. कागद गार झाल्यावरच सोलायचा होता, म्हणून मी धडाधड बाराही शर्ट दाबून काढले. काय तो उत्साह! मग बायकोनं, सुनंदानं, पहिला कागद सोलला.

"अवं माय! बाबाच्या मिशाले शेवाळं लागलं!"

घाईनं बाकीचे अकराही सोलले. सगळीकडे तेच! मिशा हिरव्या. केस हिरवे. आणि ते दुर्मिळ हसू... दातसुद्धा हिरवेगार! त्या पातळ कागदात पांढरा रंगच नसतो; फोटोत जिथं पांढरं, तिथं शर्टाचा रंग दिसतो, हे ज्ञान मला तेव्हा झालं!

"व्हाइटनर आन!" मी ओरडलो. दात रंगवले. ओघळ हनुवटीपर्यंत आला. आता मामाजी दूध पिताना ठसका लागल्यासारखे दिसत होते! ओघळ पुसायला गेलो, तर नाकच गेलं.

इतक्यात मामाजी दारात! बारा हिरव्या मामाजींकडे त्यांनी एकेक करून पाहिलं. मग कागदाचं पाकीट उचललं.

"'फक्त पांढऱ्या कपड्यासाठी', हे वाचलं नोतं?"

"न... नाई."

"तीस वर्षं लोकायले सांगून राहिलो, डब्यावरचं वाचल्याबिगर फवारा मारू नका. अन् घरातच हे!"

सासूबाईंना दया आली. "जाऊ द्या ना! कागद निवडाले चुकले बिचारे. होते मान्साची चूक."

"होते ना!" मामाजी माझ्याकडे बघत म्हणाले, "चार वर्षांआधी आमची बी झाली!"

सगळं घर खो-खो हसलं. मामाजीही हसले! आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. जावई म्हणून नसेल, पण घरातली चूक म्हणून तरी त्यांनी मला आपलं मानलं होतं!