‘जय’ दुसऱ्यानं म्हणायचा

दुपारची जेवणं झाली आहेत. जेवणारी मी एकटीच, तरी ‘जेवणं झाली’ म्हणायची सवय काही गेलेली नाही. टीव्हीवर भारताची मॅच लागली आहे आणि आपले फलंदाज हजेरी लावून परत येताहेत. आवाज बारीक करून मी कॉटवर आडवी होते. डोळे मिटले तरी समालोचन ऐकू येत राहतं. मग नुसती गर्दीची गाज उरते, आणि पाठीखालची गादी सिमेंटसारखी गार लागते.

मी स्टेडियमच्या पायरीवर बसले आहे. शेजारी आमचे हे. अख्खं कोल्हापूर, म्हणजे निदान आमची गल्ली, त्यांना निवासआण्णा म्हणायची. साखर कारखान्यात बॉयलरपाशी आयुष्य गेलं, त्यामुळे हळू बोलणं या माणसाला ठाऊकच नव्हतं. मॅच कुठलीही असो, पहिली आरोळी त्यांची. दिवाळीनंतर ते गेले. हे मला इथंही माहीत आहे, पण विषय काढवत नाही. आलेल्या पाहुण्याला कधी निघणार म्हणून कोण विचारतं?

“जेवलीस?” ते विचारतात.

“जेवले.”

“काय?”

“भात.”

“नुसता?”

मी मैदानाकडे बघते. मैदानावर कुणी नाही. सगळ्या पायऱ्याही रिकाम्या आहेत.

“रविवारी फायनल आहे,” मी सांगते. “तालमीपुढं पडदा लावणार आहेत. पोरं आली होती. आण्णांच्या जागी पहिली आरोळी तुम्ही द्या, म्हणाली.”

“मग?”

“नाही म्हणाले.”

“का गं?”

“मी ओरडले आणि मागून कुणी साथच दिली नाही तर?”

ते मिशीतल्या मिशीत हसतात. “हितं म्हण बघू.”

मी पदर सावरते, घसा खाकरते आणि म्हणते, “भारत माता की जय.”

“सगळंच म्हणालीस की.”

“मग काय करू? घरात दुसरं आहे कोण? रोज टीव्हीपुढं सगळं मीच म्हणते. भारत माताही माझी आणि जयही माझाच.”

“तितंच चुकतंय,” ते म्हणतात. “जय दुसऱ्यानं म्हणायचा असतोय.”

“ही रीत काढली तरी कुणी?”

ते जिवंत असताना हा प्रश्न मी कितीदा विचारला असेल, आणि दर वेळी त्यांनी नवी थाप मारली असेल. आता ते उठून पायऱ्या उतरायला लागतात. मी मागोमाग उतरते. खाली मैदान नाही, गल्ली आहे. पहाट आहे. इंग्रजांच्या वेळची प्रभातफेरी निघाली आहे, पण फेरीत माणूस एकच. टोपी घातलेला, काटकुळा. पोलिसांच्या धाकानं सगळी दारं बंद आहेत.

“भारत माता की,” तो ओरडतो, आणि मान वर करून थांबतो. बराच वेळ थांबतो. मला त्याच्याकडे बघवत नाही.

आडावर एक बाई पाणी भरते आहे. घागर कमरेवर घेता घेता, कुणाकडे न बघता ती म्हणते, “जय.” मग एक दार किलकिलं होतं.

“हाच का तो पहिला?” मी विचारते.

“मला काय म्हाईत? मी तवा जन्मलोबी न्हवतो. आणि ह्याच्या आधी कोण नसंलच कशावरनं? पहिला नुसता वरडतोय गं. त्या बाईनं साथ दिली, तवा घोषणा झाली.”

“पण जिंकलो कुठं? जय कसला मग?”

“जिंकल्यावर कुणीबी वरडतंय. मी कवा उठायचो? विकेटी पडल्या की. जय म्हंजे, मी हाय हितं. एवढंच.”

“पण तुम्ही नाही ना.”

“न्हाई,” ते म्हणतात.

“मला फार एकटं वाटतं हो.”

ते मान हलवतात. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभे आहोत, आणि ते मोरीपाशी पायांवर पाणी घेताहेत, कामावर निघायच्या आधी घ्यायचे तसं.

“तुम्ही म्हणा ना जय,” मी म्हणते. “एकदाच.”

“मी म्हटलं तर तू दुसऱ्या कुणाची वाट बघायचीच न्हाईस. अर्धं मोकळं सोड, शालन.”

मला त्यांचा राग येतो. स्वतः निघून जायचं आणि वर शहाणपण शिकवायचं. त्या रागातच मी ओरडते, “भारत माता की,” आणि तोंड घट्ट मिटते. मोरीत कुणी नाही.

मी कॉटवर ताठ बसले आहे. टीव्हीवर जाहिरात चालली आहे. घसा सोलल्यासारखा जळतो आहे.

भिंतीपलीकडे शेजारची सुवर्णा भांडी घासते आहे. भांड्यांच्या खडखडाटातून तिचा आवाज येतो, “जय.”

मग खडखडाट थांबतो. आरोळी तीनदा द्यायची असते. सुवर्णाही आमच्याच गल्लीतली लेक, तिला ते माहीत आहे. ती पुढच्या आरोळीसाठी थांबली आहे.

मी उठते, भिंतीजवळ जाते आणि बसलेल्या आवाजात दुसरी आरोळी देते. अर्धीच.