शिळं टॉलेन्स

मल्लेश्वरमच्या ज्या कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवते, तिथे बीएस्सीची मुलं प्रयोग करत नाहीत, उरकतात. अल्डिहाइड आणि कीटोन वेगळे ओळखायचे तर टॉलेन्सचं द्रावण घालून नळी गरम पाण्यात धरायची. अल्डिहाइड असेल तर आतून चांदीचा थर चढून काचेचा आरसा होतो, कीटोन असेल तर काहीच होत नाही. हे द्रावण ऐनवेळी बनवायचं असतं, साठवणं धोक्याचंही असतं. पण आमच्या विभागप्रमुखांना परीक्षेच्या दिवशी धावपळ नको असते, म्हणून बाटली आठवडाभर आधीच भरलेली.

गेल्या परीक्षेत ते द्रावण पार मेलेलं होतं. एकाही नळीत आरसा दिसला नाही, आणि पेपरांत मात्र तो लखलखत होता. ओळखायला दिलेल्या द्रवाच्या बाटलीचा कडू बदामाचा वास घेऊन सगळ्यांनी अल्डिहाइड ठोकून दिलं होतं. अपवाद एका मुलीचा. निपाणीहून आलेली, थिअरीत काठावर. हे प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. तिनं लिहिलं, काही झालं नाही, म्हणून कीटोन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शून्य दिलं. ती माझ्याकडे आली. "मॅडम, दिसलं तेच लिवलं मी. चुकलं काय?"

माझं टाळकं सरकलं. त्या गृहस्थांसमोरच मी ताजं द्रावण बनवलं, ओळखायला दिलेल्या त्याच द्रवाचे थेंब घातले, नळी गरम केली. झकास आरसा आला. "बघा सर, हिची चूक नाही, द्रावण शिळं होतं," मी म्हटलं.

त्यांनी नळी उजेडात धरली आणि चक्क खूश होऊन कानडी वळणात म्हणाले, "सरी मॅडम, आला की आरसा! म्हणजे बाकी सगळ्यांचं बरोबरच आहे." शून्य कायम. विभागप्रमुखांनी मान डोलावली. दोघांच्या नावापुढे पदव्यांची रांग, आणि अक्कल गहाण. अशा माणसांची मला शिसारी येते. दोघांनी कॉफी मागवली.

मुलीला अजून एक द्रव ओळखायचा होता. तिनं बूच काढून हुंगलं. दवाखान्यात पुसलेल्या फरशीचा वास, म्हणजे फिनॉल; त्यात फेरिक क्लोराइड घातलं की जांभळा रंग यायला हवा. फेरिक क्लोराइडच्या बाटलीला हातही न लावता तिनं लिहिलं, गडद जांभळा रंग आला. तिची नळी कोरडी ठणठणीत होती.

परीक्षकांनी पूर्ण मार्क दिले.